दाढ काढलेला गृहस्थ

दाढ काढलेला गृहस्थ हा शहरी मध्यमवर्गात बाराही महिने आढळणारा, परंतु एका वेळी जेमतेम आठवडाभर टिकणारा मनुष्यप्रकार आहे. सदाशिव पेठेपासून डोंबिवलीपर्यंत त्याची लक्षणे सारखीच असतात. अक्कलदाढा साधारणपणे १७ ते २५ या वयात येतात. या गृहस्थाची दाढ मात्र पस्तिशी-चाळिशीत काढली जाते, कारण मधली सगळी वर्षे तो लवंग, दुखण्याची गोळी आणि ‘बघू’ या तीन उपायांवर निभावतो.

माणसाच्या ३२ दातांपैकी या चार दाढा सर्वांत शेवटी येतात, आणि तोवर जबड्यात बहुधा जागा उरलेली नसते. मग खालची दाढ तिरपी, कधी चक्क आडवी होऊन शेजारणीच्या अंगावर रेलते. अशी दाढ नुसती उपटून निघत नाही. हिरडी कापावी लागते, थोडे हाड कोरावे लागते, दाढेचे तुकडे करून ते एकेक बाहेर काढावे लागतात आणि शेवटी टाके घालावे लागतात. थोडक्यात, ही शस्त्रक्रियाच असते. गृहस्थाचा पुढचा सबंध आठवडा हे पटवण्यात जातो. घरच्यांच्या लेखी त्याने ‘दाढ काढली’ आहे. त्याच्या स्वतःच्या लेखी त्याचे ‘ऑपरेशन झाले’ आहे.

मराठी कुटुंबात आजारांनाही मानपान असतो. बायपासला पहिला पाट. त्याखालोखाल गुडघे बदललेले, मग मूतखडावाले, मग अपेंडिक्स. मोतीबिंदूला निदान काळा चष्मा मिळतो आणि तो लावून गॅलरीत बसता येते. दाढेचा नंबर फार खाली, पायात काटा मोडण्याच्या किंचित वर लागतो. याला कारणे आहेत. रुग्ण स्वतःच्या पायांनी जातो, तासाभराने स्कूटरवर मागे बसून परत येतो, आणि येता येता मेडिकलमध्ये गोळ्यांचे सुटे पैसेही मोजून घेतो. मुख्य म्हणजे त्याला सलाइन लागत नाही, आणि ज्याला सलाइन लागले नाही त्याला आपल्याकडे आजारी म्हणत नाहीत.

खरे तर इतिहास गृहस्थाच्या बाजूने आहे. १८४४ च्या डिसेंबरात अमेरिकेतील हार्टफर्ड येथे होरेस वेल्स या दंतवैद्याने लाफिंग गॅस हुंगून स्वतःचीच दाढ काढवून घेतली. १८४६ मध्ये बॉस्टनला विल्यम मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्याने ईथरच्या भुलीचे गाजलेले प्रात्यक्षिक दाखवले. बायपासवाले ज्या भुलीच्या भरवशावर निवांत झोपतात, तिचा पायंडा पाडण्यात दात काढणाऱ्यांचा असा मोठा हात आहे. ही माहिती गृहस्थाने आदल्या रात्री फोनवर वाचून ठेवलेली असते. ती सांगण्याची वेळ येते तेव्हा नेमका तोंडात कापसाचा बोळा असतो.

बोळा अर्धा ते पाऊण तास घट्ट चावून धरायचा असतो, म्हणजे जखमेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते. ही गुठळी त्या खड्ड्याचे झाकण असते, आणि पहिल्या दिवसाचे सगळे नियम तिच्या रक्षणासाठी केलेले असतात. थुंकायचे नाही, खळखळून चूळ भरायची नाही, स्ट्रॉने काही ओढायचे नाही, कढत प्यायचे नाही, तंबाखू-सिगारेटचे नाव काढायचे नाही. डॉक्टरांकडून मिळालेला सूचनांचा कागद गृहस्थ खरेदीखत वाचावे तसा वाचतो आणि ‘शक्यतो विश्रांती घ्यावी’ या ओळीखाली पेनाने रेघ मारून तो फ्रिजवर लावतो. कागदावर ‘शक्यतो दगदग टाळावी’ असेही असते. ती ओळ तो मोठ्याने वाचून दाखवण्याचा प्रयत्न करतो.

प्रयत्नच, कारण भूल अजून उतरलेली नसते. स्वीडनमधील निल्स लोफग्रेन यांनी १९४३ मध्ये तयार केलेले लिग्नोकेन आज बहुतेक दवाखान्यांत याच कामासाठी टोचतात. खालच्या जबड्याची मुख्य नस त्याने बधिर केली की अर्धी जीभ, अर्धा ओठ आणि अर्धी हनुवटी तीन-चार तास आपली राहत नाही. प, फ, ब, भ, म ही सगळी ओळ बाद होते. पाणी प्यावे तर निम्मे शर्टावर येते. ओठ चावला गेला तरी कळत नाही. ते रात्री कळते. या अवस्थेत गृहस्थ वारंवार आरशात जाऊन तोंड किती वाकडे झाले ते पाहतो. तोंड मुळीच वाकडे झालेले नसते, आणि याने त्याची थोडी निराशाही होते.

पहिल्या रात्री डोक्याखाली दोन उशा घेऊन झोपायचे असते. सकाळी उशीवर गुलाबी डाग दिसतो. लाळेत चमचाभर रक्त मिसळले तरी ते वाटीभर दिसते, पण हे सांगून उपयोग नसतो. गृहस्थ डागाचा फोटो काढतो. तो फोटो, एक्स-रेचा फोटो आणि डबीतल्या दाढेचा फोटो असे तीन फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर जातात. उत्तरादाखल दोन अंगठे आणि एका मावसभावाचे ‘गुड मॉर्निंग’ येते.

दाढेविषयी येथेच सांगणे योग्य. ती तो डॉक्टरांकडून मागून आणतो. इतका त्रास देणाऱ्या वस्तूचा आकार पाहून त्याला अपमान झाल्यासारखे वाटते, विशेषतः तिचे तीन तुकडे असतील तर. तरीही आलागेला प्रत्येकजण चहाचा पहिला घोट घेत असतानाच ती डबी उघडली जाते.

पहिल्या दिवशी गालावरून बर्फ फिरवायचा असतो. वीस मिनिटे लावायचा, वीस मिनिटे काढायचा. मराठी घरात बर्फाची पिशवी नसते, असते ती मटारची गोठवलेली थैली. ती नॅपकिनमध्ये गुंडाळून गालाला लावली जाते. त्याच सुमारास गृहस्थाच्या मातुःश्री तव्यावर फडके गरम करून शेक द्यायला येतात. गार की गरम, यावर दोन पिढ्यांत वाद होतो. पहिला दिवस बर्फाचा असतो आणि दोन दिवस उलटल्यावर ऊन शेक चालतो, म्हणजे दोघांचेही बरोबर असते. फक्त मातुःश्री दोन दिवस आधी आलेल्या असतात. रविवारी त्या मटारांची उसळ होते, आणि ती गृहस्थाखेरीज सर्वजण खातात.

आहाराचे प्रकरण मोठे आहे. गार आणि मऊ एवढेच खायचे असल्याने पहिल्या दिवशी आइस्क्रीम हे औषध ठरते. चाळिशीच्या माणसाला दुपारी तीन वाजता, मुलांसमोर, डॉक्टरांच्या सांगण्यावरून आइस्क्रीम खाता येण्याचा आयुष्यातला हा एकमेव प्रसंग. मुले शाळेतून येऊन दार उघडल्या उघडल्या स्वतःच्या दाढा चाचपून पाहतात. पण आनंद संध्याकाळपर्यंतच टिकतो. मग गुरगुट्या भात, मेतकूट, तूप. सकाळी नाचणीचे सत्त्व. दुपारी पुन्हा गुरगुट्या भात. घरी कुणी आले की शहाळे येते, आणि स्ट्रॉ चालत नाही म्हणून ते वाटीत ओतून चमच्याने पाजले जाते. खरा घाव चहाचा असतो. कढत चहा वर्ज्य, म्हणजे कोमट चहा. साय धरलेला तो कप समोर आला की गृहस्थाच्या डोळ्यांत जे पाणी येते, ते जखमेचे नसते.

दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने तोंड धुवायचे असते, तेही हळुवार: पाणी तोंडात घेऊन मान डावीउजवीकडे कलवायची आणि बेसिनमध्ये ते आपोआप पडू द्यायचे. एरवी या गृहस्थाची सकाळची गुळणी चार मजले ऐकू जाते आणि शेजारच्या बिऱ्हाडात तिच्यावर गॅस पेटतो. त्या आठवड्यात सोसायटीतील दोन मुलांची स्कूलबस चुकते.

बोलणे बंद झाल्याचे परिणाम याहून खोल असतात. घरातल्या प्रत्येक विषयावर शेवटचे वाक्य आपले असते, अशी गृहस्थाची समजूत असते. आता तो कालनिर्णयच्या फाटलेल्या पानामागे सूचना लिहून देतो. पत्नीचा चष्मा दुसऱ्या खोलीत असतो. “अहो, ठेवा तिथे, वाचते मग,” असे म्हणून ती पान फ्रिजवर, सूचनांच्या कागदाशेजारी लावते. तीन दिवसांत पडद्यांचे कापड ठरते, भाचीच्या लग्नाला रेल्वेने जायचे ठरते, मुलाची शिकवणी बदलते आणि रिमोट कायमचा हस्तांतरित होतो. कुठेही काही अडत नाही. वेदनाशामक गोळी दाढेवर लागू पडते. यावर तिचा उपयोग होत नाही.

येथे एक गोष्ट नोंदवायला हवी. या प्रकाराला ‘गृहस्थ’ म्हटले आहे ते उगाच नव्हे. गृहिणीच्याही दाढा अशाच आडव्या असतात आणि अशाच कापून काढल्या जातात. पण ती अकराला जाऊन साडेबाराला परत येते, अर्धा ओठ बधिर असताना कुकर लावते आणि संध्याकाळी पोळ्या लाटते. तिच्या दाढेचा फोटो कोणी पाहिलेला नसतो. त्यामुळे तिचे व्यक्तिचित्र होत नाही.

सूज ही गृहस्थाची एकमेव साक्षीदार. ती लगेच येत नाही. हळूहळू वाढत ४८ ते ७२ तासांनी कळसाला पोहोचते. गृहस्थाने हिशेबाने गुरुवारी संध्याकाळी दाढ काढून शुक्रवारची रजा टाकलेली असते. त्यामुळे गालाचा खरा बहर शनिवार-रविवारी येतो, ऑफिसातला एकही माणूस तो पाहत नाही, आणि सोमवारी साहेबांसमोर उभे राहेपर्यंत सूज उतरणीला लागते. “थोडं भरल्यासारखं दिसतंय, तब्येत सुधारली का?” असे साहेब विचारतात.

भेटीला येणाऱ्यांचे दोन वर्ग आहेत. पहिला वर्ग अकलेवरचा विनोद करतो. अक्कलदाढ गेलेल्या माणसाला हा विनोद ऐकवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे आणि प्रत्येकजण तो बजावतो. टाके ओढले जातात म्हणून रुग्णाला हसता येत नाही, आणि नाही हसला तर त्याला विनोद कळला नाही असे समजून तो पुन्हा सांगितला जातो. दुसरा वर्ग स्वतःची दाढ सांगतो. कुणाची गावच्या वैदूने चिमट्याने काढलेली, कुणी दाराच्या कडीला दोरा बांधून काढलेली, कुणाच्या काकांनी त्याच दिवशी शेतावर जाऊन नांगर धरलेला. ही मंडळी येताना हमखास चिक्की, पेरू किंवा कडक बुंदीचे लाडू आणतात. गृहस्थ हात जोडतो आणि पुडा आत जातो.

क्वचित एक खरे संकट येते. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास गुठळी निसटली किंवा विरघळली, तर खड्ड्यातले हाड उघडे पडते. कानापर्यंत चढणारा ठणका लागतो, तोंडाला वास येतो आणि गोळीचा उपयोग होत नाही. सिगारेट ओढणाऱ्यांत याचे प्रमाण अधिक असते; जिन्यात जाऊन ‘एकच’ ओढलेली घरी कळते ती अशी. डॉक्टर खड्डा धुऊन त्यात औषधी पट्टी भरतात आणि तासाभरात आराम पडतो. या पट्टीत बहुधा युजेनॉल असते, म्हणजे लवंगेच्या तेलातला मुख्य घटक. गृहस्थ घरी आल्यावर मातुःश्रींना तो वास येतो. “मी पहिल्या दिवसापासून सांगत होते,” असे त्या म्हणतात. त्यांनी अख्खी लवंग जखमेत दाबायला सांगितली होती, आणि ते करायचे नसते. पण हा फरक समजावण्याइतके तोंड त्या वेळी उघडत नाही.

तोंड न उघडणे हेही एक लक्षणच. जबड्याचे स्नायू आखडतात आणि काही दिवस जेमतेम दोन बोटे आत जातात. तीन बोटे उभी मावली की तोंड ठीक उघडते, असा डॉक्टरांचा ठोकताळा असतो. घरगुती परिमाण पाणीपुरीचे आहे. ते बहुतेकांना दोन आठवड्यांत गाठता येते, जरी चिंचेचे पाणी कोवळ्या हिरडीला लागल्यावर गृहस्थ ठेल्यापाशी जे नाचतो त्यास पूर्ण बरे होणे म्हणता येत नाही.

आठव्या दिवशी रेशमी टाके काढतात. विरघळणारे असतील तर तेही नाही. तोवर जिभेने तो दोरा हजारदा चाळवलेला असतो. हिरडी भरायला तीन-चार आठवडे आणि आतले हाड भरायला काही महिने लागतात. मधल्या काळात प्रत्येक जेवणानंतर भाताचे एक शीत त्या खड्ड्यात मुक्कामाला जाते, आणि गृहस्थ बेसिनपाशी उभा राहून चूळ भरत राहतो. यापलीकडे त्याच्यात फरक उरत नाही. वाचा परत येते, शेवटचे वाक्य परत मिळते. पडदे मात्र लागलेले असतात. एखाद्या सहकाऱ्याने गालावर हात ठेवलेला दिसला की तो खुर्ची ओढून जवळ बसतो आणि वेल्सपासून सुरुवात करतो.

टाके काढताना डॉक्टर एक्स-रे दिव्यासमोर धरून दुसऱ्या बाजूची दाढही तशीच आडवी असल्याचे दाखवतात. गृहस्थ ती बारकाईने पाहतो, दिवाळी झाल्यावर येतो असे सांगतो, आणि कोणती दिवाळी ते सांगत नाही.