रजिस्टरात शून्य लिहिणाऱ्या खुळ्याची स्तुती

गावात शहाण्यांची वानवा कधीच नसते. खुळे मात्र मोजके, आणि त्यांतला सर्वांत दुर्मीळ म्हणजे खरं शून्य लिहिणारा जलसुरक्षक. हा माणूस वाडीच्या टोकाला जातो, शेवटच्या नळाचं पाणी काचनळीत घेतो, त्यात क्लोरीन तपासायच्या ओटी द्रावणाचे थेंब टाकतो. पाणी पिवळं झालं नाही, तर क्लोरीनच्या रकान्यात सरळ ‘०’ लिहून सही करतो. सरपंच चिडतात, ग्रामपंचायत अधिकारी कपाळाला हात लावतात, पारावर हसू होतं. एवढं हिरव्या कार्डाचं गाव, आणि हा बाबा स्वतःच्या हाताने स्वतःवर नोटीस ओढवून घेतो! त्याच्या या खुळेपणाचे गुण मला गायचे आहेत, आणि ते मनापासून.

त्याचा पहिला खुळेपणा असा की तो स्वतःच्या डोळ्यांवर आणि जिभेवर विश्वास ठेवत नाही. विहिरीचं पाणी नितळ आहे, गोड आहे, आजोबा तेच पिऊन नव्वदीला पोचले, हे सगळं तो मान्य करतो आणि तरीही टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, बादलीत कालवतो. चुना खाली बसू देतो, वरची निवळी टाकीत ओततो आणि अर्धा तास थांबून मगच व्हॉल्व्ह सोडतो. तोवर बायका हंडे घेऊन ओरडत असतात. पण क्लोरीनला जंतू मारायला वेळ लागतो, तो ओरडण्याने कमी होत नाही, हे त्याला ठाऊक आहे. भारतीय मानक आयएस १०५०० सांगतं की क्लोरीन टाकलेल्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवं, आणि १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय जंतू एकही सापडता कामा नये. ई-कोलाय जिभेला लागत नाही. म्हणून हा खुळा काचनळी वापरतो.

दुसरा खुळेपणा म्हणजे तो लोकांच्या तक्रारीला बधत नाही. पाण्याला औषधाचा वास येतो, चहा बिघडतो, पावडर कमी टाक, असं सगळे सांगतात. कमी टाकली की सगळे खूश होतात, आणि पावडरही वाचते.

लोकांना असं खूश ठेवणारे शहाणे काय करून ठेवतात, हे कॅनडातल्या वॉकर्टन गावाने पाहिलं आहे. ऑन्टॅरिओ प्रांतातलं हे जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव. पाणीपुरवठा पाहणारे दोघे सख्खे भाऊ, वर्षानुवर्षांच्या अनुभवाचे. क्लोरीनचा वास नको म्हणणाऱ्या गावकऱ्यांचं ते ऐकत, विहिरीचं पाणी तसंच प्यायलाही चांगलं असं मानत, आणि न मोजताच रजिस्टरात ०.५ किंवा ०.७५ लिहीत. रकाने भरलेले, आकडे देखणे. मे २०००मध्ये मुसळधार पाऊस झाला आणि जवळच्या गोठ्याच्या शेणखतातले जंतू पाच नंबरच्या उथळ विहिरीत उतरले. १७ मे रोजी पाणी दूषित असल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल आला. व्यवस्थापक असलेल्या भावाने तो दडवला आणि आरोग्य खात्याला पाणी ठीक असल्याचं सांगितलं. पाणी उकळून प्या, हा इशारा निघाला तो २१ मे रोजी, आरोग्याधिकाऱ्यांनी आपल्या जबाबदारीवर काढला तेव्हा. सात माणसं मेली, २,३०० हून अधिक आजारी पडली. न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या चौकशीचा निष्कर्ष असा की रोज क्लोरीन खरोखर मोजलं असतं, तर साथीचा आवाका पुष्कळ कमी झाला असता. त्या गावाला फक्त एका खुळ्याची गरज होती.

कारण खरं शून्य मुकं नसतं. पावडरीचं पोतं उघडं राहून तिचा जोर गेला आहे, असं ते सांगतं. ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं, पण ऊन आणि दमट हवा ते खाऊन टाकतात. टाकीजवळच्या नळाला क्लोरीन आहे आणि शेवटच्या नळाला नाही, तर मधे कुठेतरी पाइप फुटून गटाराचं पाणी आत येत असेल. काल तेवढ्याच पावडरीला क्लोरीन होतं आणि आज नाही, तर स्रोतात घाण वाढली असेल, कारण घाणच क्लोरीन संपवते. बसल्या जागी लिहिलेलं ०.५ यांतलं काहीच सांगत नाही. ते पाहून कोणी कुदळ घेऊन बाहेर पडत नाही.

मग शून्य लिहिणारे इतके कमी का? कारण शून्याची शिक्षा लिहिणाऱ्यालाच होते. पावडर संपल्याचं तो आधीच सांगतो, खरेदी होत नाही. मानधन तुटपुंजं, तेही थकलेलं. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, स्रोतांची स्वच्छता तपासून गावाला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. लाल कार्ड म्हणजे साथीचा धोका आहे, आत्ताच दुरुस्त करा, असा निरोप. पण आपण तो गावाचा अपमान समजतो आणि हिरव्या कार्डाच्या मागे लागतो. नियम पाळणं आणि कागद भरणं यांतला फरक याच ठिकाणी मिटतो, आणि तो मिटवायला आपणच त्या माणसाला भाग पाडतो.

पाणीपुरवठा समितीला आणि ग्रामसभेला हे बदलता येतं. क्लोरीनचं रजिस्टर दर ग्रामसभेत मोठ्याने वाचा. वर्षभर एकाही दिवशी शून्य नाही असं दिसलं, तर टाळ्या वाजवण्याआधी एकदा शेवटच्या नळावर सगळ्यांसमोर ओटी करून पाहा. शून्य लिहिलं म्हणून जलसुरक्षकाला बोल लावू नका. त्यानंतर चोवीस तासांत काय केलं, ते सरपंचांना विचारा. पावडरीचे आणि मानधनाचे पैसे वेळेवर द्या. एवढं केलं तर खरं लिहायला खुळं असावं लागणार नाही, साध्या माणसालाही ते जमेल.