दोन दिवसांत नेतृत्व, जेवणासहित

व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणात नापास झालेला माणूस अजून कुणाच्या पाहण्यात आलेला नाही. दहावीत नापास होता येतं. आरटीओच्या मैदानावर आठ काढताना पाय टेकला की नापास होता येतं. सीएच्या परीक्षेत नापास होण्याची परंपरा तर चांगल्या चांगल्या घरांत आदराने जपली जाते. पण ‘नेतृत्व विकास’ नावाच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेसाठी कंपनीच्या बसने लोणावळ्याला किंवा कर्जतला गेलेले पंचवीस व्यवस्थापक पंचवीस प्रमाणपत्रं घेऊनच परततात. ज्याने दोन्ही दिवस मागच्या खुर्चीवर बसून डिस्पॅचचे फोन घेतले, त्याचंही नाव प्रमाणपत्रावर सोनेरी अक्षरांत असतं. फार तर स्पेलिंग चुकलेलं असतं.

म्हणून तिथे मूल्यमापन होत नाही असं मात्र कुणी समजू नये. दिवसभर तेच चालतं. सकाळी साडेनऊला, पोहे घशाखाली उतरायच्या आत, एक चाचणी होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तीच चाचणी पुन्हा होते, आणि त्या वेळी उत्तरं समोरच्या भिंतीवर फ्लिपचार्टच्या कागदांवर चिकटवलेली असतात. दोन्ही चाचण्यांच्या गुणांतला फरक म्हणजे शिकणं. मुरलेला प्रशिक्षणार्थी पहिल्या चाचणीत दोन-तीन उत्तरं मुद्दाम चुकवतो. प्रगतीला जागा ठेवावी लागते.

या सगळ्याला शास्त्राचा आधार आहे. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकी प्राध्यापकाने विस्कॉन्सिन विद्यापीठात पर्यवेक्षकांच्या प्रशिक्षणावरच पीएचडी केली आणि १९५९ साली प्रशिक्षण तपासण्याच्या चार पायऱ्या मांडल्या. लोकांना प्रशिक्षण कसं वाटलं, ते त्यातून काय शिकले, कामावर परतल्यावर त्यांचं वागणं बदललं का, आणि त्यातून संस्थेला काय मिळालं. मांडणी इतकी साधी की कुणालाही समजावी, आणि तशी ती समजलीही. जगभरच्या एचआर खात्यांनी पहिली पायरी गाठली, तिथेच पथारी पसरली आणि वरच्या तीन पायऱ्यांचे फोटो काढून स्लाइडवर लावले.

पहिली पायरी म्हणजे फीडबॅक फॉर्म. तो दुसऱ्या दिवशी पावणेपाचला हातात पडतो. बाहेर बसच्या ड्रायव्हरने इंजिन सुरू केलेलं असतं आणि घाटात ट्रॅफिक लागणार याची चर्चाही सुरू झालेली असते. सभागृहाची व्यवस्था, प्रशिक्षकाचं विषयावरचं प्रभुत्व, जेवणाचा दर्जा, आणि ‘हे प्रशिक्षण तुम्हाला कामात कितपत उपयोगी पडेल?’ असे प्रश्न असतात. एक ते पाच गुण द्यायचे. पहिला माणूस वरपासून खालपर्यंत चार-चारच्या रांगेत टिक मारतो. शेजारचा त्याच्या कागदाकडे पाहतो. ‘अन्य सूचना’ या रकान्यात तीनच सूचना येतात. एसी कमी करावा, गोड पदार्थात फळांचा पर्याय असावा, वेळ कमी पडला. यांतली शेवटची सूचना शिष्टाचार म्हणून लिहितात. प्रशिक्षक ती मनावर घेऊन पुढच्या वर्षी तीन दिवसांचं कोटेशन देतो.

अशा फॉर्मवर नक्की काय मोजलं जातं, हे पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेत फार गमतीने सिद्ध झालं आहे. १९७० साली काही मंडळींनी मायकेल फॉक्स नावाच्या नटाला ‘डॉ. मायरन फॉक्स’ म्हणून उभं केलं आणि वैद्यकीय शिक्षणाशी संबंधित तज्ज्ञांपुढे त्याचं व्याख्यान ठेवलं. विषय होता वैद्यक शिक्षणात गणिती गेम थिअरीचं उपयोजन. नटाला विषयातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याला पढवलं होतं ते दुहेरी अर्थाची वाक्यं, नवे बनवलेले शब्द, परस्परविरोधी विधानं, आणि अधूनमधून विनोद. श्रोत्यांत मनोविकारतज्ज्ञ होते, मानसशास्त्रज्ञ होते, शिक्षक होते. त्यांनी प्रश्नही विचारले आणि डॉक्टरसाहेबांनी तितक्याच आत्मविश्वासाने उत्तरंही दिली. मग फॉर्म वाटले. बहुतेकांनी व्याख्यान आवडल्याचं नोंदवलं, त्याने विचाराला चालना मिळाल्याचंही नोंदवलं. पुढे चित्रफीत दाखवून आणखी दोन गटांवर तोच प्रयोग केला, तेव्हाही निकाल तसाच लागला. १९७३ मध्ये तो छापून आला. प्रशिक्षण क्षेत्राने या संशोधनातून योग्य तो बोध घेतला आणि विनोदांची संख्या वाढवली.

आता प्रशिक्षणार्थींना जे गुण मिळतात त्यांच्याकडे वळू. खोलीच्या कोपऱ्यात दोन निरीक्षक पॅड घेऊन बसलेले असतात. मधल्या टेबलावर सहा व्यवस्थापक कागदी पेले, दोरी आणि चिकटपट्टी यांतून मनोरा उभारत असतात. कोण पुढाकार घेतो, कोण ऐकून घेतो, कोण इतरांना सामावून घेतो, हे रकान्यांत भरायचं असतं. हा खेळ वाटतो तितका पोरकट नाही. त्याचं मूळ युद्धात आहे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याला अधिकारी कमी पडू लागले. चार मिनिटं गप्पा मारून आणि शाळेचं नाव विचारून निवडलेली मुलं प्रशिक्षणात टिकेनात. म्हणून १९४२ मध्ये निवड मंडळं सुरू झाली आणि त्यांत नेता न नेमता गटाला काम देण्याची पद्धत आली. अमेरिकेच्या गुप्तचर संघटनेने, ओएसएसने, ती कल्पना उचलली आणि व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्सजवळच्या एका फार्मवर ‘स्टेशन एस’ उघडलं. हेन्री मरे हे मानसशास्त्रज्ञ तिथले एक प्रमुख. उमेदवार खोट्या नावाने यायचे आणि मुक्कामभर आपली खरी ओळख लपवायचे.

तिथली एक चाचणी जवळून पाहण्यासारखी आहे. उमेदवारापुढे पाच आणि सात फुटी लाकडी दांडे, खाचांचे ठोकळे आणि खुंट्या टाकल्या जात. यातून एक मोठा सांगाडा उभा करा, वेळ दहा मिनिटं, स्वतः हात लावायचा नाही, मदतीला दोन माणसं आहेत. एकाचं नाव किपी, दुसऱ्याचं बस्टर. किपी खिशात हात घालून उभा राहायचा, सांगितलं तेवढंच करायचा आणि तेही चुकीचं. बस्टर मात्र उत्साही. तो प्रत्येक सूचनेवर वाद घालायचा, भलतेच उपाय सुचवायचा, साहेबाच्या उच्चारांवर, कपड्यांवर, अनुभवावर टोमणे मारायचा. दोघंही मंडळाचेच लोक होते आणि काम होऊ न देणं हेच त्यांचं काम होतं. सांगाडा दहा मिनिटांत एकालाही पूर्ण करता आला नाही. पाहायचं होतं ते एवढंच, की माणूस कुठल्या मिनिटाला चिडतो, कुणावर, आणि नंतर काय करतो.

ही चाचणी आपल्याकडे कुणी स्वतंत्रपणे घेत नाही, कारण किपी आणि बस्टर प्रत्येक खात्यात आधीच कायम झालेले आहेत.

ओएसएसवाल्यांचा प्रामाणिकपणाही लक्षात ठेवण्यासारखा. युद्धानंतर त्यांनी आपली भाकितं आणि माणसांची प्रत्यक्ष कामगिरी ताडून पाहिली. मेळ बेताचाच बसला, आणि १९४८ मध्ये काढलेल्या जाडजूड ग्रंथात त्यांनी हे छापूनही टाकलं. १९५६ पासून एटी अँड टी या टेलिफोन कंपनीने तर आणखी कडक पथ्य पाळलं. शेकडो तरुण व्यवस्थापकांना अशा चाचण्यांतून नेलं आणि निकाल कपाटात बंद केले. ना त्या तरुणांना दाखवले, ना त्यांच्या साहेबांना. काही वर्षांनी कोण किती वर चढला हे पाहून मगच कागद उघडले. आपल्याकडे एवढा वेळ कुणाला आहे? लोणावळ्याचा अहवाल बस खोपोलीला पोचायच्या आत साहेबांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप फोटोसह पोचलेला असतो.

युद्धातली ही पद्धत भारतात लष्कराच्या सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डात अजून जिवंत आहे. पाच दिवस, छातीवर नंबर, फळ्या, दोर, पिंपं, आणि मरेंनी १९३५ मध्ये ख्रिस्तियाना मॉर्गन यांच्याबरोबर मांडलेली चित्रांवरून गोष्ट रचण्याची चाचणी. महाराष्ट्र सरकारने तर १९७७ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादला मुलांना सैन्यात अधिकारी होण्यासाठी तयार करणारी सेवापूर्व प्रशिक्षण संस्था काढली. चित्रातल्या विषण्ण माणसाबद्दल नेहमी आशादायक गोष्ट लिहावी, हे खासगी क्लासवाले आता आगाऊ पढवतात हा भाग वेगळा. पण सिलेक्शन बोर्डाची एक खोड अशी की ते नापास करतं. बरेच जण पहिल्याच दिवशी स्क्रीनिंगनंतर बॅग उचलून स्टेशनवर जातात. कॉर्पोरेट जगाने ही सगळी पद्धत उचलली. फळ्या घेतल्या, दोर घेतले, निरीक्षक घेतले. स्टेशनवर पाठवणं तेवढं राहून गेलं.

मग निरीक्षकाने करायचं काय? तो मार्करकडे पाहतो. गटकार्य सुरू झालं की जो सर्वांत आधी मार्कर उचलून फ्लिपचार्टपाशी जातो, तो नेता. त्याने पुढे काय लिहिलं याला महत्त्व नाही. पुढाकारात त्याला साडेचार मिळाले की ऐकून घेण्यातही साडेचार मिळतात, जरी त्या चाळीस मिनिटांत त्याने कुणाचं एक अक्षर ऐकलेलं नसलं तरी. खिडकीपाशी बसलेल्या बाईंनी मनोऱ्याचा पाया रुंद करा असं दोनदा सांगितलेलं असतं. मनोरा पडतो. बाईंना ‘सहभाग वाढवण्यास वाव’ असा शेरा मिळतो.

यात नवं काही नाही. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच दाखवून दिलं होतं, की सैन्यातले वरिष्ठ एखाद्याची शरीरयष्टी चांगली म्हणतात तेव्हा त्याची बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्यही आपोआप चांगलं होतं. १९८२ मध्ये सॅकेट आणि ड्रेहर या संशोधकांनी मूल्यमापन केंद्रांचे गुण तपासले. एकाच माणसाचं ‘नेतृत्व’ वेगवेगळ्या खेळांत मोजलं तर आकडे जुळत नव्हते. एकाच खेळातलं नेतृत्व, नियोजन आणि संवाद मात्र छान जुळत होतं. म्हणजे रकाने कितीही छापा, निरीक्षक प्रत्येक खेळाला मनातल्या मनात एकच गुण देतो आणि तो सगळ्या रकान्यांत वाटून टाकतो.

मनोऱ्याच्या खेळाबद्दल टॉम वुजेक यांनी २०१० च्या टेड व्याख्यानात सांगितलेली गोष्ट प्रशिक्षक मोठ्या हौसेने ऐकवतात. कच्च्या स्पॅगेटीच्या वीस काड्या, अठरा मिनिटं, आणि टोकावर एक मार्शमॅलो. त्यात सर्वांत वाईट कामगिरी नुकत्याच एमबीए झालेल्यांची आणि त्यांच्याहून कितीतरी सरस बालवाडीतली पोरं. ही गोष्ट ऐकून सभागृह मनापासून हसतं आणि मग एमबीए झालेले पंचवीस जण मनोरा बांधायला घेतात.

व्यक्तिमत्त्व चाचणीचं थोडक्यात आटोपू. तिचा निकाल चार इंग्रजी अक्षरांत किंवा चार रंगांत येतो आणि तो सगळ्यांना तंतोतंत पटतो. बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांची अशीच चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचं खास वर्णन दिलं. विद्यार्थ्यांनी अचूकतेला पाचपैकी सरासरी चारहून अधिक गुण दिले. वर्णन सगळ्यांना एकच होतं आणि त्यातली वाक्यं भविष्याच्या पुस्तकातून घेतलेली होती. आपल्याकडे हे काम वर्तमानपत्राचं रविवारचं पान फुकटात करतं. पण त्याचं जीएसटीसह बिल येत नाही, म्हणून ते प्रशिक्षणाच्या बजेटात बसत नाही.

सरकारी खातीही मागे नाहीत. २०२० मध्ये मंजूर झालेल्या ‘मिशन कर्मयोगी’ या सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षण कार्यक्रमात अभ्यासक्रम ऑनलाइन आले आणि रिसॉर्टचा खर्च वाचला. ऑक्टोबर २०२४ मध्ये राष्ट्रीय शिक्षण सप्ताह झाला, त्यात प्रत्येकाने किमान चार तास शिकावं असं लक्ष्य होतं. टेबलावरच्या एका खिडकीत ‘ताणतणाव व्यवस्थापन’ वाजत राहतं, दुसऱ्या खिडकीत विधानसभेच्या तारांकित प्रश्नाचं उत्तर टाइप होत राहतं. शेवटी चार पर्यायांची प्रश्नावली येते. सर्वांत लांब आणि सर्वांत सज्जन पर्याय निवडला की प्रमाणपत्र उतरतं. ज्या राज्याच्या गोपनीय अहवालात ‘निश्चित चांगला’ ही अधिकृत प्रतवारी आहे, तिथे प्रमाणपत्रं कमी पडण्याची भीती नाही.

राहिली कर्कपॅट्रिकची तिसरी पायरी, म्हणजे कामावर परतल्यावर वागणं बदललं का. आयएसओ ९००१ च्या २०१५ च्या आवृत्तीत हे कलमच आहे, की दिलेल्या प्रशिक्षणाची परिणामकारकता तपासा आणि माणसांच्या क्षमतेचा लेखी पुरावा जपून ठेवा. त्यामुळे चाकण, भोसरी, अंबड, बुटीबोरी इथल्या कारखान्यांच्या फायलींत ‘ट्रेनिंग इफेक्टिव्हनेस’ नावाचा फॉर्म असतो. तो तीन महिन्यांनी खातेप्रमुखाने भरायचा असतो. प्रत्यक्षात तो ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी भरला जातो. एचआरची मुलगी गठ्ठा घेऊन शॉप फ्लोअरवर येते. खातेप्रमुखाची महिनाअखेर असते, ट्रक गेटवर उभा असतो. ‘तूच भर, मी सह्या करतो,’ असं तो म्हणतो. मुलगी हुशार असते. सगळ्यांना चार दिले तर ऑडिटर शंका घेईल म्हणून ती मध्येच कुठे तीन, कुठे पाच देते. नावं हजेरीपटावरून उतरवते. त्यात दोन महिन्यांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या एका सुपरवायझरचंही नाव येतं. ‘संघभावनेत लक्षणीय सुधारणा’ असा त्याला शेरा मिळतो, आणि पुढच्या वर्षी त्याला प्रगत अभ्यासक्रमाला पाठवावं, या शिफारशीवर खातेप्रमुखाची सहीही होते.