दोन सेंटिमीटर मागे

नेरूळच्या आमच्या सोसायटीत पाण्याचा प्रश्न मागे पडलाय. चौथ्या मजल्यावरच्या चिरंजीवांनी गुलमर्गसाठी स्की घेतल्यात, आणि त्यांवर बाइंडिंग, म्हणजे बूट अडकवायचा खटका, नेमका कुठे बसवायचा यावर खल चाललाय. खरं तर बुटाच्या मध्यावर खूण असते, स्कीवरही असते. दोन्ही जुळवल्या की झालं. पण भुसभुशीत बर्फात टोक वर राहावं म्हणून सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर मागे घेतात, उड्या-गिरक्यांसाठी पुढे. तीन आठवडे तेवढ्यावर गेले. इथे बर्फ दिसतो तो दिवाळे गावच्या मासळी बाजारात, पापलेटाखाली.

शेवटी सुतार बोलावला. माझा टीव्ही दीड बोट तिरका लावणारा तोच. स्कीला भोक साधारण नऊ मिलिमीटर खोल, त्याहून जास्त गेलं तर तळाची वाट लागते. यानं भिंतीचं ड्रिल काढलं आणि निरागसपणे विचारलं, "साहेब, आरपार मारून खालून नट लावू का?"

चिरंजीव पांढरेफटक. सोसायटीत पडलेला तेवढाच बर्फ.

स्की आता दिवाणाखाली आहेत. गुलमर्गला त्या भाड्यानं मिळतात, बाइंडिंगसकट.