टॅमरिएलचे शास्त्रीबुवा

जग बुडायला आलं आहे. आल्डुइन नावाचा काळा ड्रॅगन पुरलेल्या ड्रॅगनांना थडग्यांतून उठवतो आहे, गावंच्या गावं जाळतो आहे. त्याला आवरण्याचं काम नियतीने ज्या एकट्या माणसावर सोपवलं आहे, तो माणूस विंटरहोल्डच्या ग्रंथालयात उभ्याउभ्या पुस्तक वाचतो आहे. ग्रंथपाल ऑर्क जातीचा, दांडगा आणि तापट. पुस्तकाला इजा केलीत तर तुमचे तुकडे करवीन, अशी आल्यागेल्याला तंबी देणारा. या वाचकाला मात्र तंबीची गरज नाही. ‘स्कायरिम’ हा गेम 11 नोव्हेंबर 2011 ला बाजारात आला, शास्त्रीबुवा तेव्हापासून तो खेळताहेत, आणि आल्डुइनच्या केसालाही अजून धक्का लागलेला नाही.

ड्रॅगनला केस नसतात, हे शास्त्रीबुवांनीच लगेच सांगितलं असतं.

शास्त्रीबुवा हे त्यांचं खरं नाव नव्हे. पुण्याच्या एका आयटी कंपनीत ते टेस्टर आहेत. दुसऱ्यांनी लिहिलेल्या गोष्टीत विसंगती शोधण्याचा त्यांना पगार मिळतो, आणि हीच सवय ते संध्याकाळी फुकट चालू ठेवतात. वय चाळिशीच्या अलीकडे, चष्मा जाड, टी-शर्टवर स्कायरिममधल्या टॅलोस या देवाचं चिन्ह. लिफ्टमध्ये शेजारच्या आजींनी ‘हा कुठला देव?’ असं विचारलं, तेव्हा ‘वादग्रस्त आहे’ एवढंच उत्तर त्यांनी दिलं.

नवीन गेम हाती आला की बाकीची मंडळी विचारतात, सगळ्यात जबरदस्त तलवार कुठे मिळते. शास्त्रीबुवा विचारतात, गादीवर कोण बसलंय आणि कोणत्या हक्काने. ‘द एल्डर स्क्रोल्स’ या मालिकेत असा प्रश्न विचारणाऱ्याचं भलं होतं. 1994 च्या ‘अरेना’पासून बेथेस्डा कंपनीने टॅमरिएल नावाचा एक खंड रचत आणला आहे आणि त्यात शेकडो पुस्तकं पेरून ठेवली आहेत. चोराच्या गुहेत, राजाच्या उशाशी, मेलेल्या सैनिकाच्या खिशात. गंमत अशी की ती गेम बनवणाऱ्यांच्या तोंडून बोलत नाहीत. प्रत्येक पुस्तकाला त्याच जगातला एक लेखक आहे, त्याला एक धनी आहे, आणि धन्याच्या मर्जीप्रमाणे तो कधी अर्धं सांगतो, कधी उलटं सांगतो. एकाच लढाईच्या चार हकिकती मिळतात आणि चारही एकमेकींना खोटं पाडतात. साधा खेळाडू यावर जांभई देतो. शास्त्रीबुवांचे डोळे पाणावतात.

प्रमाणग्रंथांच्या बाबतीत ते कर्मठ आहेत. गेमच्या आत जे लिहिलंय ती श्रुती. गेम बनवणाऱ्यांनी बाहेर मुलाखतीत वगैरे जे सांगितलं ती स्मृती. श्रुतीशी विरोध आला तर स्मृती बाजूला. खरी पंचाईत मायकेल कर्कब्राइड यांची. 2002 च्या ‘मॉरोविंड’मधली कित्येक गूढ पुस्तकं त्यांची. पुढे त्यांनी कंपनी सोडली, पण टॅमरिएलवर लिहिणं सोडलं नाही. मग ते लिखाण कॅननमध्ये धरायचं की नाही? या एका प्रश्नावर जगभरच्या चाहत्यांत दोन तट आहेत आणि त्यांच्यात बेटीव्यवहार नाही. शास्त्रीबुवा सोमवार ते शुक्रवार कर्कब्राइडना मानत नाहीत. शनिवारी, वादात अडचण आली की मानतात.

स्कायरिममध्ये व्हाइटरन नावाचं शहर आहे. तिथे टॅलोसच्या पुतळ्यासमोर हाइम्स्कर नावाचा एक प्रवचनकार दिवसभर ओरडत असतो. खेळाडूंना तो इतका नकोसा होतो की कित्येकांनी त्याला बाणाने, तलवारीने, आगीने गप्प करून पाहिलं आहे. शास्त्रीबुवांनी त्याचं प्रवचन पहिल्यापासून शेवटपर्यंत, उभं राहून, तीनदा ऐकलं. मग कळलं की त्यातला मजकूर मुळात कर्कब्राइड यांचा. म्हणजे स्मृतीतलं वचन श्रुतीत शिरलेलं! त्या रात्री त्यांना झोप लागली नाही.

त्यांचा आवडता खटला मात्र जुना आहे: नेरेवार कसा मेला? रेड माउंटनच्या लढाईत ड्वेमर नावाची आख्खी बुद्धिमान जमात एका क्षणात नाहीशी झाली. पुढे मॉरोविंडमध्ये त्यांच्यातला एकच जण भेटतो, यॅग्रम बॅगार्न, आणि त्यालाही काय झालं ते ठाऊक नाही, कारण तो नेमका त्या वेळी गावाला गेला होता; गाव दुसऱ्या मितीतलं, एवढंच. या लढाईतला विजयी सेनापती नेरेवार. देवळाचे पुजारी सांगतात, तो जखमांनी गेला. रानातले ॲशलँडर सांगतात, त्याच्याच तिघा सल्लागारांनी त्याला मारलं आणि एका मेलेल्या देवाच्या हृदयातून शक्ती घेऊन तिघंही देव झाले: अल्मालेक्सिया, सोथा सिल आणि व्हिवेक. त्यातला व्हिवेक कवी. त्याने स्वतःवर छत्तीस प्रवचनं लिहिली. एकोणतिसाव्या प्रवचनात आकड्यांची एक यादी आहे. ते आकडे धरून छत्तिसाव्या प्रवचनातले शब्द मोजत गेलं की त्यांतून खुनाचा कबुलीजबाब निघतो. शास्त्रीबुवांनी तो स्वतः वहीत मोजून काढला. उत्तर आधीच माहीत होतं. ‘तरी कुणी म्हणतं म्हणून कशाला मानायचं?’ असं ते म्हणाले आणि शेवटचा शब्द जुळला तेव्हा पेन खाली ठेवून हात जोडले.

शनिवारी संध्याकाळी कर्वे रोडवरच्या एका अमृततुल्यमध्ये त्यांचा प्रतिपक्ष येतो. हा गृहस्थ बँकेत आहे आणि स्कायरिमच्या यादवीत साम्राज्याच्या बाजूचा. वादाचा विषय ठरलेला: साम्राज्याने शत्रूशी, म्हणजे थाल्मोरशी, केलेला तह, व्हाइट-गोल्ड कॉन्कॉर्डॅट.

‘राजधानी पडली होती, ती परत घेतली, पण फौज उरली कुठे?’ प्रतिपक्ष सुरू करतो. ‘सम्राट टायटस मीडने तह केला नसता तर साम्राज्यच बुडालं असतं. एका टॅलोसच्या पूजेवर बंदी, त्या बदल्यात श्वास घ्यायला वेळ. व्यवहार आहे हा.’

‘आणि हॅमरफेल?’ शास्त्रीबुवा कटिंग बाजूला सारतात. ‘तहात त्याचा दक्षिण भाग सम्राटाने परस्पर देऊन टाकला. लोकांनी ऐकलं नाही. सम्राटाने त्यांना साम्राज्यातून बाहेर काढलं, ते एकटे लढले, आणि 180 साली थाल्मोरच्या फौजेला मागे जावं लागलं. एका प्रांताला जमलं ते आख्ख्या साम्राज्याला जमलं नसतं?’

‘ते जमलं, कारण शत्रू आमच्याशी लढून आधीच थकला होता!’

‘आमच्याशी?’ शेजारच्या टेबलावरचे काका वर्तमानपत्र खाली करतात. 180 साली कोणी कोणावर स्वारी केली, ते त्यांना आठवेना. हे चौथ्या युगातलं 180, हे त्यांना कोण सांगणार?

इथे शास्त्रीबुवा हुकमाचं पान टाकतात. ज्या टॅलोससाठी स्कायरिमचे नॉर्ड लोक बंड करून मरायला निघालेत तो नॉर्ड होता कशावरून? अधिकृत चरित्र म्हणतं, टायबर सेप्टिम अत्मोरात जन्मला, त्याने आख्खा टॅमरिएल जिंकला आणि मेल्यावर तो देव झाला. ‘आर्क्टुरियन हेरसी’ हे पुस्तक म्हणतं, त्याचं मूळ नाव हॅल्टी, तो हाय रॉकमधल्या अल्केअरचा, आणि त्याच्या नावावर जमा झालेले पराक्रम एकट्याचे नव्हतेच. म्हणजे बंडखोर ज्याच्यासाठी साम्राज्य मोडताहेत तो देव त्याच साम्राज्याचा संस्थापक, आणि वर कदाचित परप्रांतीय. हे पान टाकल्याने शास्त्रीबुवांचीच बाजू पडते, हे प्रतिपक्ष दर शनिवारी दाखवून देतो. ‘पडू दे,’ शास्त्रीबुवा म्हणतात. ‘पण केवढं सुंदर आहे!’

अशा माणसाशी संसार करणं सोपं नाही. 1996 च्या ‘डॅगरफॉल’ला अनेक शेवट होते, खेळाडू ज्याला पाहिजे त्याला जिंकवायचा. मग पुढच्या गेममध्ये खरं काय धरायचं? बनवणाऱ्यांनी तोडगा काढला की काळच तुटला आणि सगळे शेवट एकदम घडले. चाहते याला ‘ड्रॅगन ब्रेक’ म्हणतात. एका संध्याकाळी बायकोने विचारलं, ‘दळण आणलंस की नाही?’ शास्त्रीबुवा म्हणाले, ‘एका अर्थी दोन्ही.’ आणि समजावून सांगितलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. रात्री ताट मागितल्यावर म्हणाली, ‘एका अर्थी तुझं जेवण झालंय.’ तेव्हापासून घरात काळ एकसंध आहे.

नवल याचं की खऱ्या जगातल्या राजकारणावर हा माणूस चकार शब्द काढत नाही. लग्नाच्या पंगतीत काकांचा आणि मामांचा निवडणुकीवरून आवाज चढला की हा मठ्ठ्याचा दुसरा वाडगा मागतो. घराण्याचा व्हॉट्सॲप ग्रुप त्याने म्यूट केला आहे. धर्मावरून वाद पेटला की त्याला ऑफिसचा फोन येतो. न वाजता येतो. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, ‘तिकडे कोणी कागद काढत नाही. आधीच ठरवून आलेले असतात.’ यात थोडा पळपुटेपणा आहेच. पण मार्कार्थच्या बाबतीत त्याने भर अमृततुल्यमध्ये स्वतःचं मत फिरवलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. 176 साली, पुढे नॉर्डांच्या बंडाचा पुढारी झालेल्या उल्फ्रिक स्टॉर्मक्लोकने ते शहर तिथल्या स्थानिक बंडखोरांकडून परत घेतलं, तेव्हा तिथे अमानुष कत्तल झाली, असं तो वर्षानुवर्षं ठणकावून सांगत होता. प्रतिपक्षानेच त्याला दाखवलं की ती हकिकत देणारा ग्रंथकार साम्राज्याच्या बाजूचा विद्वान आहे. बँकवाल्याने स्वतःच्याच पक्षाचा साक्षीदार फोडला! शास्त्रीबुवा दोन मिनिटं गप्प बसले, मग म्हणाले, ‘बरोबर. हा पुरावा मी इतका ओढायला नको होता.’ पंगतीत असं कोणी म्हणाल्याचं मला आठवत नाही.

असं चाललं होतं, आणि दिवाळीला सासरे राहायला आले. निवृत्त मास्तर, इतिहासाचे. बखरी, सनावळ्या आणि शकावल्यांत आयुष्य गेलेलं. जावई रात्री लॅपटॉपपुढे बसून टिपणं काढतोय असं दिसल्यावर त्यांना वाटलं, परीक्षा देतोय. जवळ जाऊन पाहिलं.

‘जावईबापू, हे काय?’

शास्त्रीबुवा जरा ओशाळले. मग सांगू लागले. उल्फ्रिक युद्धात थाल्मोरच्या हाती सापडला होता. त्यांनी त्याचे हाल केले आणि त्याच्या मनात भरवलं की राजधानी पडली ती त्याने फोडलेल्या माहितीमुळे. वास्तविक राजधानी आधीच पडली होती. मग त्यांनी त्याला मुद्दाम पळून जाऊ दिलं. पुढे त्याने बंड केलं, ते थाल्मोरच्या पथ्यावर पडलं. यादवीत कोणीच लवकर जिंकू नये, एवढीच त्यांची इच्छा. हे सगळं त्यांच्याच गुप्त फाइलमध्ये नोंदलेलं आहे.

बखर म्हटली की सासऱ्यांचे ठरलेले प्रश्न असतात, ते त्यांनी इथेही विचारले. ‘लिहिलं कोणी? कोणाच्या पदरी होता? घडल्यावर किती वर्षांनी लिहिलं? अस्सल की नक्कल?’ शास्त्रीबुवांच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं ते अशा माणसाची वाट पाहत होते आणि तो हुंड्याविना घरात आला होता.

रात्री साडेअकराला सासऱ्यांनी चष्मा पुसला. ‘ही फाइल सापडली कुठे?’

‘थाल्मोरच्या वकिलातीत. मेजवानीच्या रात्री आपण वेशांतर करून जातो. तिथला एक नोकर आपल्याला सामील असतो, तो मागचं दार उघडून देतो.’

‘नोकर फितूर, दार उघडं, आणि शत्रूचं सगळ्यात नाजूक गुपित वकिलीण बाईंच्या दालनात आयतं ठेवलेलं.’ सासरे खुर्चीत मागे टेकले. ‘ती तुम्हाला सापडावी म्हणूनच ठेवली नव्हती कशावरून? उल्फ्रिकला त्याच्याच लोकांत बदनाम करायचं असेल तर याहून सोपी युक्ती कोणती?’

शास्त्रीबुवा उठले. गॅलरीत गेले. परत आले. वेळेचा विचार न करता त्यांनी प्रतिपक्षाला फोन लावला.

‘आपण दोघंही त्या फाइलवर आंधळा विश्वास ठेवत आलो.’

‘कोण म्हणतं?’

‘सासरे.’

‘ते खेळतात?’

‘छे. माउस उलटा धरतात.’

पलीकडे बराच वेळ शांतता. मग बँकवाला म्हणाला, ‘शनिवारी घेऊन ये त्यांना.’

‘आले असते रे. पण त्यांचा गुडघा गेलाय.’

स्कायरिममधले पहारेकरी भेटतील त्याला सांगत असतात की गुडघ्यात बाण लागला आणि आमचा पराक्रम संपला. त्या वाक्याने सगळ्या जगात इतका धुमाकूळ घातला की गुडघ्याचं नाव निघाल्यावर ते न उच्चारणं कुठल्याही खेळाडूला शक्य नाही. फोनच्या दोन्ही टोकांना ते ओठांपर्यंत आलं. पण विषय वडीलधाऱ्या माणसाचा होता, आणि तो माणूस नुकताच वादात जिंकला होता. दोघांनीही ते गिळलं.

‘मग आम्हीच येतो घरी,’ प्रतिपक्ष म्हणाला. ‘त्यांना म्हणावं, नेरेवारचे कागद काढून ठेवतो.’