सांभाळून घेणारे तात्या

तात्यांना ‘नाही’ म्हणता येत नाही. पंगतीत चौथ्यांदा जिलबी आली तरी त्यांचा हात पानावर आडवा होत नाही. एसटीत तिघांच्या बाकाशी चौथा येऊन उभा राहिला की बाकीचे दोघे खिडकीबाहेर बघतात आणि तात्या अर्धे बाहेर लोंबकळत त्याला जागा करून देतात. असा माणूस आमच्या पतसंस्थेच्या सर्व्हरचा राखणदार आहे, हे ठेवीदारांना अजून कुणी सांगितलेलं नाही, तेच बरं.

या राखणदारीत खरा प्रश्न असतो दाराशी आलेल्याला आत घ्यायचं की नाही हा. कुलूपबंद बोलणं सुरू होण्याआधी दोघांची भाषा ठरावी लागते. त्या भाषेचं नाव टीएलएस. ब्राउझर सांगतो, मला ती अमुक आवृत्तीपर्यंत येते. दोघांनाही येणारी सगळ्यात वरची आवृत्ती सर्व्हर निवडतो. जुळलंच नाही, तर ७० नंबरचा अलर्ट पाठवून दार लावून घ्यायचं. तात्यांना हा ७० नंबरच मुळात असभ्य वाटतो. “अरे, आलेल्या माणसाला निदान पाणी तरी विचारावं!”

म्हणून आमच्या सर्व्हरच्या कॉन्फिग फाइलमधल्या एका ओळीत १.०, १.१, १.२, १.३ अशी चारही भावंडं एकत्र कुटुंबात नांदत होती. थोरलीचा जन्म १९९९चा. मार्च २०२१मध्ये इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफनं तिला आणि १.१ला रीतसर निवृत्त केलं. आमच्याकडे त्या ओळीच्या डोक्यावर तात्यांची टीप होती, ‘तूर्तास’. खाली तारीख २०१६ची. मध्यंतरी सर्व्हरवर हे टीएलएस बोलणारं ओपनएसएसएल ३ आलं, ते १.०ला उंबरठाच ओलांडू देईना. तात्यांनी रात्रभर बसून त्याची सुरक्षेची पातळी शून्यावर आणली. मी ओरडलो, तर म्हणाले, “नुसतं म्हणायला शून्य आहे रे.”

हे सगळं कुणासाठी? तर एका शाखेतल्या पासबुक छापणाऱ्या संगणकासाठी. त्यावर विंडोज एक्सपी, कारण प्रिंटरचा ड्रायव्हर पुढच्या विंडोजवर चढत नाही. आणि त्यातल्या इंटरनेट एक्सप्लोरर ८ला १.०च्या वरचं काही येत नाही. एकदा तात्या रजेवरून यायच्या आत मी धीर करून १.० बंद केलं. सव्वादहाला ते आले, पाठोपाठ फोन.

“तात्या, पासबुक छापत नाही.”

“काय दिसतंय?”

“इंग्रजीत आलंय काहीतरी. पंधरा पेन्शनर रांगेत आहेत.”

पेन्शनर हा शब्द कानावर पडताच तात्यांनी माझ्यापुढचा कीबोर्ड ओढून घेतला.

मग मी त्यांना पूडल सांगून पाहिलं. ऑक्टोबर २०१४मध्ये गूगलच्या तिघांनी जाहीर केलेला हल्ला. त्या वेळचे ब्राउझरही तात्यांच्याच वळणाचे होते. जोडणी तुटली की ‘समोरचा जुना असेल बिचारा’ म्हणून आपणच एक पायरी खाली उतरायचे, पुन्हा तुटली की आणखी एक. वाटेत बसलेल्या चोरानं मुद्दाम जोडण्या तोडत राहायचं, की स्वारी थेट टीएलएसच्या आधीच्या, १९९६च्या एसएसएल ३.०पर्यंत खाली. तिथं ठोकळा पुरा करायला भरलेले बाइट कुणी तपासत नाही. त्या फटीतून सरासरी २५६ प्रयत्नांत कुकीतला एकेक बाइट बाहेर. म्हणजे हल्ल्याची सुरुवातच मुळी समोरच्याच्या भिडेपासून. तात्या गंभीर झाले. “ब्राउझरचा हेतू चांगला होता,” एवढंच बोलले.

त्यांना आवडते ती १.३ची गोष्ट. ती आली २०१८ साली. ओळखीचा नसलेला आकडा दिसला तर सर्व्हरनं आपल्याला येतं ते सांगायचं, असा नियम जुनाच. पण कित्येक सर्व्हर आणि वाटेतल्या फायरवॉल नवा आकडा दिसताच जोडणीच तोडायच्या. तेव्हा पहिल्या निरोपातल्या आवृत्तीच्या रकान्यात १.२च लिहायचं आणि खरा आकडा आतल्या पुरवणीत द्यायचा, असं ठरलं. “थोरपण असं असावं,” तात्या म्हणतात. मला त्यात लग्नाच्या बायोडाटात चोरलेलं वय दिसतं.

शेवटी ऑडिटर आले. पातळी शून्य पाहून त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. १.० आणि १.१ बंद करा, आठ दिवसांत. तात्यांनी वाद घातला नाही. लॉगमध्ये प्रत्येक जोडणीची आवृत्ती नोंदवायला लावली आणि सात दिवस राखणदारी केली. १.२च्या खालून येणारा पत्ता एकच निघाला, तो पासबुकवाला. आठव्या दिवशी ओळीतून दोन नावं गेली.

पण रविवारी तात्या पिशवी घेऊन त्या शाखेत गेले. एक्सपीशेजारी एक छोटा लिनक्स संगणक मांडला. एका केबलनं तो एक्सपीशी १.०मध्ये बोलतो, दुसऱ्या केबलनं आमच्या सर्व्हरशी १.३मध्ये. एक्सपीचं बाहेरचं नेट तोडून टाकलं. शून्य पातळी आमच्याकडून उठून त्या दुभाष्याच्या घरी राहायला गेली. खरं तर हे मला सुचायला हवं होतं.

ऑडिटरनी अहवालात लिहिलं, ‘तूर्तास मान्य, सदर संगणक जूनअखेर भंगारात काढावा.’ त्यानंतर तीन जून होऊन गेले. परवाच मी तिथून पासबुक छापून आणलं.