बॅटरी उतरण्याचे शास्त्रोक्त निदान : सोसायटीच्या पार्किंगसाठी एक लघुप्रबंध

सकाळी किल्ली फिरवल्यावर इंजिन सुरू न होता बॉनेटखालून नुसता ‘कट्-कट्’ असा आवाज येणे, या अवस्थेस व्यवहारात ‘बॅटरी उतरणे’ असे म्हणतात. आणि ही अवस्था प्राप्त झाल्यावर अल्पावधीतच गाडीभोवती जो समुदाय जमतो, त्यास प्रस्तुत विवेचनात ‘सल्लागार मंडळ’ अशी संज्ञा दिली आहे. बॅटरी उतरण्यास काही ना काही कारण असते, मंडळ जमण्यास ते लागत नाही. तथापि घरगुती निदानात दोहोंशी गाठ पडणे अटळ असल्याने दोहोंचा अभ्यास आवश्यक ठरतो.

१. पूर्वपीठिका

गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये सिद्ध केलेली शिसे आणि गंधकाम्ल यांची बॅटरी आजही तत्त्वतः तशीच गाड्यांत बसवली जाते. तिच्यात सहा कप्पे असून प्रत्येक कप्पा सुमारे २.१ व्होल्ट दाब देतो, त्यामुळे पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. आणि जिच्या अंगावर ‘१२ व्होल्ट’ असे ठळक छापलेले असते, ती खरोखर १२ व्होल्ट दाखवू लागली की जवळजवळ रिकामी झालेली असते. ती भरण्याचे काम अल्टरनेटर, म्हणजे कारागिरांच्या बोलीतील ‘डायनामो’, करतो. बेल्टने फिरणारे हे यंत्र उलटसुलट वाहणारी वीज निर्माण करते, त्यातील डायोड तिला एकाच दिशेने वाहायला लावतात आणि रेग्युलेटर नावाचा भाग दाब साधारणतः १३.८ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान राखतो. काही नव्या गाड्यांत संगणक हा दाब मुद्दाम कमी-जास्त करत असल्याने, त्यांच्याबाबतीत एकाच आकड्यावरून निकाल देऊ नये.

२. सल्लागार मंडळाचे वर्गीकरण

मंडळात प्रामुख्याने तीन पंथ आढळतात. पहिला पंथ धक्कावाद्यांचा. ‘दुसरा गिअर टाका आणि क्लच सोडा’ हे त्यांचे आद्य सूत्र असून हाताने गिअर टाकण्याच्या गाडीत, बॅटरीत थोडाफार जीव उरला असेल तर, ते खरेही ठरते. परंतु ऑटोमॅटिक गाडीला ते सहसा लागू पडत नाही, आणि इंधनपंप व संगणक चालवण्याइतकीही वीज शिल्लक नसेल तर गाडी सोसायटीच्या फाटकापर्यंत जाऊन तिथे वाहतूक अडवते, एवढीच प्रगती होते.

दुसरा पंथ वियोगवाद्यांचा. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढावी, गाडी चालू राहिली तर डायनामो ठीक आणि बंद पडली तर बिघडलेला, असे या पंथाचे प्रतिपादन असते. अशा वेळी अल्टरनेटरच्या दाबात एकाएकी उसळी येऊन त्याचे डायोड आणि गाडीचा संगणक जळू शकतात, म्हणजे परीक्षेत नापास होण्याची शक्यता विद्यार्थ्यापेक्षा शाळेच्या इमारतीलाच अधिक असते. या पंथाच्या अनुयायांस पाना देऊ नये.

तिसरा पंथ नवबॅटरीवाद्यांचा असून त्यांस कोणतेही परीक्षण मान्य नसते. त्यांच्या मेहुण्याचे बॅटरीचे दुकान असते.

३. साहित्य व विधी

मल्टिमीटर, दहा नंबरचा पाना, जुना टूथब्रश, खाण्याचा सोडा, गरम पाणी, पेट्रोलियम जेली आणि डोळ्यांवर चष्मा, एवढे साहित्य पुरते. प्रथम टर्मिनलांकडे पाहावे. त्यांवर पांढरट-हिरवट भुकटी साचली असल्यास ती बॅटरी आणि वायर यांच्या मधोमध बसून विजेची वाट अडवते. साफसफाईसाठी आधी ऋण आणि मग धन वायर काढावी, सोडा घातलेल्या गरम पाण्याने आणि ब्रशने भुकटी घासून पुसावी, जोडताना क्रम उलटा ठेवावा आणि शेवटी जेलीचा पातळ थर द्यावा. अनेक प्रकरणे इथेच निकालात निघतात, याचे मंडळास फार वाईट वाटते.

त्यानंतर मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून तीन वाचने घ्यावीत. पहिले वाचन गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतरचे : १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. दुसरे वाचन सेल्फ मारतानाचे, जे कुणाकडून तरी किल्ली फिरवून घेतल्याशिवाय मिळत नसल्याने मंडळाचा एवढाच उपयोग करून घ्यावा. भरलेल्या बॅटरीचा दाब या क्षणी साडेनऊच्या बराच खाली गेला, तर बॅटरी म्हातारी झाली असे समजावे. तिसरे वाचन इंजिन चालू, दिवे आणि पंखा लावलेला असतानाचे : ते १४ च्या जवळ असल्यास डायनामो निर्दोष, १३ च्या खाली राहिल्यास बेल्टचा ताण, वायरींचे जोड आणि डायनामोतील झिजलेले कार्बन हे संशयित, आणि १५ च्या वर गेल्यास रेग्युलेटर बिघडलेला, ज्यामुळे बॅटरीतील पाणी उकळल्यासारखे आटू लागते.

तिसऱ्या वाचनासाठी शेजाऱ्याच्या गाडीचा आधार लागल्यास, लाल केबल दोन्ही बॅटऱ्यांच्या धन टोकांस लावावी. काळी केबल शेजाऱ्याच्या बॅटरीच्या ऋण टोकास लावून तिचे दुसरे टोक आपल्या गाडीच्या इंजिनावरील उघड्या धातूस, बॅटरीपासून दूर, जोडावे, कारण बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडत असतो आणि ठिणगीशी त्याचे पटत नाही. केबल जोडताना शेजाऱ्याने ‘माझ्या गाडीला काही होणार नाही ना?’ असे विचारणे हा विधीचाच भाग होय.

४. उभ्या गाडीची गळती

तिन्ही वाचने उत्तम येऊनही बॅटरी पुन्हा उतरत असेल, तर गाडी बंद असताना कोण वीज खाते, ते पाहावे. घड्याळ, गजर आणि संगणक मिळून ३० मिलिअँपिअर घेत असले, तरी महिनाभरात सुमारे २२ अँपिअर-तास खर्च होतात आणि ३५ अँपिअर-तासांची लहान गाडीची बॅटरी निम्म्याहून अधिक रिती होते. त्यात डॅशकॅम किंवा डिकीचा न विझणारा दिवा यांची भर पडल्यास काही दिवसही पुरतात. यावर उपाय म्हणून दर रविवारी गाडी जागेवरच पाच मिनिटे चालू ठेवण्याची प्रथा सर्वत्र प्रचलित आहे. एवढ्या वेळात, त्यातही एसी आणि गाणी लावून, आठवड्याची तूट भरून निघत नाही. मात्र मालकास गाडीची काळजी घेतल्याचे पुण्य लाभते आणि वरच्या मजल्यास धूर. गळती शोधण्यासाठी ऋण वायर आणि बॅटरी यांच्या मध्ये, दहा अँपिअरच्या छिद्रात तार घालून, मीटर जोडावा, गाडीचे संगणक झोपी जाईपर्यंत अर्धा तास थांबावे आणि मग एकेक फ्यूज काढून आकडा कधी खाली येतो ते पाहावे. या काळात किल्ली फिरवू नये, अन्यथा पहिला फ्यूज मीटरचाच उडतो.

५. निष्कर्षाची नोंद

तिन्ही आकडे आणि गळतीचे माप तारखेसह कागदावर लिहून तोच कागद ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्यावा. या कागदाने बिघाड दुरुस्त होत नाही, मंडळाचे मतपरिवर्तनही होत नाही. परंतु आकडे घेऊन आलेल्या गिऱ्हाइकास ‘साहेब, डायनामोच बदलावा लागेल’ हे वाक्य ऐकवण्यापूर्वी कारागीर आपला मीटर शोधू लागतो, आणि एवढे घडले की घरगुती निदान यशस्वी झाले, असे मानण्यास प्रत्यवाय नाही.