‘संपलंय’ म्हटल्यावर काय करावे

प्रस्तुत मार्गदर्शिका वाणसामानाच्या दुकानात रिकाम्या फळीसमोर उभे राहावे लागणाऱ्या सर्व सज्ञान नागरिकांसाठी आहे. लेखकाचा या विषयातला अधिकार शून्य. अधिकार आईचा. वय ७५, लग्न होऊन परळ भोईवाड्यात आली त्याला ५३ वर्षे झाली, आणि गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून ती चाळीचा जिना उतरत नाही. त्यामुळे शास्त्र तिच्याकडे आणि पिशवी माझ्याकडे, अशी वाटणी झाली आहे. यश आले तर शास्त्राचे, अपयश आले तर पिशवीचे.

नियम पहिला. दुकानात जाऊन ‘आहे का?’ असे विचारू नये. ‘आहे का’ला ‘नाही’ म्हणायला काहीच लागत नाही, शेठ मानसुद्धा वर करत नाही. ‘अर्धा किलो बांधा’ म्हणावे. आता नाही म्हणायचे तर त्याला कारण द्यावे लागते, आणि कारण शोधता शोधता तो आतल्या पोराला हाक मारतो. निम्म्या वेळा तिथे काही तरी निघते. मी पन्नाशीला आलो तरी ‘आहे का हो?’ असेच विचारतो, शेवटी ‘हो’सुद्धा लावतो. आईच्या मते मी नोकरीही अशीच मागितली असणार.

हे ज्ञान तिला १९७३ साली झाले. दुष्काळाचे दिवस, साखर, तेल, डालडा, रॉकेल सगळ्याची मारामार, आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी, म्हणजे मिलो. नव्या नवरीने पहिली भाकरी थापली ती मिलोची. पिठाला विरी अजिबात नाही. थापायला घेतली की कडा फुटायच्या, उचलायला जावे तर अर्धी हातात नि अर्धी परातीत. शेजारच्या काकींनी मग सांगितले की पाणी नुसते कोमट नको, चांगले खळखळून उकळलेले घे, पिठाची उकड कर, वाफ जिरेपर्यंत झाकून ठेव आणि तळहाताच्या टाचेने मळ. तशी ती एकसंध व्हायची. चव मात्र मिलोचीच राहायची, त्यावर काकींकडे उपाय नव्हता. आजही बाजारातले जुने, विरी गेलेले पीठ गळ्यात पडले तर हीच युक्ती करावी. इतका उपयुक्त मजकूर या लेखात पुन्हा येईलच असे नाही.

नियम दुसरा. रांगेत स्वतः उभे राहू नये, वस्तू उभी करावी. रॉकेलच्या रांगेत पहाटे डबे, विटा, फुटकी बादली, दोरी बांधलेली पिशवी असे सगळे प्रतिनिधी उभे असायचे, आणि कोणाची वीट कुठली हे साऱ्या वाडीला पाठ. आमची वीट अर्धी होती. बाबा रातपाळी संपवून गिरणीतून सकाळी परत यायचे, ते आधी दुकानाकडे वळून अर्धी वीट दोन पावले पुढे सरकवायचे आणि मग घरी येऊन चहा प्यायचे. आई म्हणते, वीट सरकवताना ते तिच्याशी बोलायचे. तिच्याशी म्हणजे आईशी नव्हे, विटेशी.

(पोटनियम : मोर्चाला जाताना घरातले चांगले लाटणे नेऊ नये. मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकरांच्या महागाईविरोधी आंदोलनातल्या लाटणे मोर्चाला आई एकदाच गेली होती. घोषणा देऊन आवाज बसला, आणि गर्दीत लाटण्याची अदलाबदल झाली. आलेले लाटणे एका टोकाला बारीक आहे. आमच्या पोळ्या तेव्हापासून एका बाजूला जाड होतात, असा तिचा दावा आहे.)

नियम तिसरा. दुकान बदलू नये. याला आई धर्म म्हणते. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, पगार थांबले, आणि गिरणगावातली कित्येक घरे वाण्याच्या उधारीच्या वहीवर जगली. आमच्या वाण्यानेही वही बंद केली नाही. तांदूळ, तूरडाळ, चहापत्ती लिहून देत राहिला. साबण मात्र सुटा, अर्धी वडी कापून. ती उधारी फिटायला किती वर्षे लागली ते आई सांगत नाही, पण कोपऱ्यावरच्या त्या दुकानाला वळसा घालून मी दुसरीकडून काही आणले की तिला पिशवीच्या रंगावरून कळते. त्यातल्या त्यात नायगावच्या ‘अपना बाजार’ला माफी आहे. १९४८ साली कामगारांसाठी निघालेले सहकारी भांडार, ते आपलेच, असा तिचा हिशेब.

नियम चौथा. मोबाइलवर मागवू नये. तिथे ‘संपलंय’ म्हणणाऱ्याशी भांडता येत नाही.

नियम पाचवा हा मोठ्या, वातानुकूलित दुकानांसाठी असून तो मी स्वतः शोधला आहे. फळी वाचायला शिकावे. ही दुकाने फळी रिकामी दिसू देत नाहीत. मागचा माल पुढे ओढून एकेरी रांग लावतात, म्हणजे समोरून तटबंदी आणि मागे मोकळे मैदान. दोन बोटे आत घालून पाहावी. मग खालची किमतीची पट्टी पाहावी. पट्टी साबुदाण्याची आणि वर ठेवलेत पोहे, तर साबुदाणा संपला आहे आणि दुकानाला ते मान्य करायचे नाही. आषाढीच्या आदल्या दिवशी हे दृश्य हमखास दिसते. अशा वेळी वर लावलेल्या पाट्या वाचत फिरू नये, ढकलगाडीवर खोकी घेऊन येणारा पोरगा गाठावा. त्याला साहेबापेक्षा जास्त माहीत असते, आणि खोके फोडायची पातीही त्याच्याच खिशात असते.

सहावा नियम बदली वस्तूंचा. साबुदाणा नसेल तर वरी. २०१५ साली तूरडाळ दोनशे रुपये किलोवर गेली तेव्हा आमच्याकडे मसूर आणि मुगाचे मिश्र वरण सुरू झाले. त्याला हिंग जरा जास्त लागतो, आणि मसुराचे नाव न घेता वाढले तर कोणी काही बोलत नाही. चिंच नसेल तर आमसूल. रवा जाड मिळाला तर मिक्सर आहेच. लॉकडाऊनच्या पहिल्या आठवड्यात, मार्च २०२०च्या अखेरीस, बिस्किटांऐवजी शंकरपाळे झाले. त्या मे महिन्यात वर्षाचा मसाला कुटायला लालबागला जाता आले नाही, तेव्हा आईने मिरच्या घरीच भाजल्या आणि सगळा मजला दोन दिवस खोकला. त्या काळात खोकणे ही काय चीज होती, आठवून पाहा. तर बदली सगळ्याला असते, असे मी मानत होतो.

मस्क्याला नसते. हा सातवा नियम, आणि खरे तर याच्यासाठीच मी लिहायला बसलो आहे.

बाबांना ब्रून आणि मस्का. पगाराच्या दिवशी इराण्याकडे, पुढे गिरणी गेल्यावर घरीच. मस्का म्हणजे पुडक्यातला, पिवळा, खारा. बाकी कशाचेही त्यांना वेड नव्हते, माझेही नाही. त्यांची तिथी पितृपक्षातली दशमी, आणि पानावर वडे, खीर, कारले, गवार, आमसुलाची चटणी यांच्याबरोबर मस्का लावलेला ब्रून असतो. भटजींनी एकदा हरकत घेतली होती. आईने ऐकून घेतले आणि ब्रून ठेवला.

२०२५च्या सप्टेंबरात काय झाले ते आठवत असेल. ३ तारखेला जीएसटीचे नवे दर जाहीर झाले. लोणी-तुपावरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर येणार, पण २२ तारखेपासून, म्हणजे थेट घटस्थापनेला. मधल्या एकोणीस दिवसांत, त्यात अख्खा पितृपक्ष, जुन्या कराचा माल भरून अंगाशी आणायची हौस कोणाला होती? आमच्या शेठने हात आखडता घेतला.

“दोन पुडकी बांधा,” मी नियम पहिला पाळला.

“भाऊ, बावीसनंतर या. नवीन भावाचा माल येईल.”

“बाबांची तिथी बावीसच्या आत आहे.”

त्याने मान वर केली, आतल्या पोराला हाक मारली, फ्रिज उघडून दाखवला. आत पनीर, खमीर आणि त्याच्या स्वतःच्या जेवणाचा डबा. कारण पटण्यासारखे होते, म्हणजे आपला नियम पहिलाही कुचकामी.

मग मी हिंदमातापर्यंत गेलो. नायगाव केले. दादर पूर्वेला स्टेशनपर्यंत सगळी दुकाने पाहिली. लालबागला एका ठिकाणी लसणाचे बटर होते. फोन केला. “लसूण?” आई म्हणाली. “श्राद्धाला?” आणि फोन ठेवला. पाऊस सुरू झाला, छत्री घरी. भिजून परत आलो तर ती फ्रिजमधून सायीचे पातेले काढत होती. आठ दिवसांची साय, म्हणजे तुटवड्याचा वास तिला आधीच आला होता. मला मग का हिंडवले, असे विचारायचे धैर्य झाले नाही.

कृती लिहून घ्या. साय कोमट करून चमचाभर विरजण लावावे, रात्रभर बाहेर ठेवावे. सकाळी रवीने घुसळावे, आणि फेस जड होऊ लागला की बर्फाचे चार खडे टाकावेत, नाही तर लोणी गोळा व्हायच्या ऐवजी ताकातच भटकत राहते. गोळा वर आला की गार पाण्यात तीन वेळा धुवावा, पाणी नितळ येईपर्यंत. मग तिने त्यात मीठ घातले, अंमळ जास्तच. आणि करंगळीच्या नखावर मावेल इतकी हळद.

“हळद कशाला?”

“पिवळं दिसायला नको?”

ब्रून मी आणला होता, तो कडक होता. तिने मस्का लावला, कडेपर्यंत, त्यांना कोरडी कड चालत नसे म्हणून. पान गॅलरीच्या पलीकडच्या पत्र्यावर ठेवले. कावळा केबलच्या वायरवर बसून होताच. आधी वडा नेला. परत येऊन खिरीत चोच बुडवली. कारल्याकडे पाहिले नाही, त्यात नवल नाही, बाबाही पाहत नसत. मग ब्रूनजवळ आला, चोचीने उलटा केला, सुलटा केला, मान वाकडी करून जरा विचार केला आणि तसाच टाकून उडून गेला.

आई दारात खुर्चीवर बसून बघत होती.

“ओळखलं,” ती म्हणाली. “घरचं आहे ते.”